रिकाम्या खुर्च्यांचं भाडं

सिंगापूरमध्ये सहा वर्षं मी कॉलेजच्या मुलामुलींच्या बास्केटबॉल लीगचे हिशेब सांभाळले. खेळातलं मला फारसं कळत नव्हतं. पहिल्या सीझनला तर कुठून टाकलेल्या चेंडूला दोन गुण आणि कुठून तीन, हे मी शेजारी बसलेल्या एका मुलीला विचारून घेतलं होतं. पण हॉलच्या दाराशी उभं राहिलं की आत किती माणसं आहेत हे मला आवाजावरून कळायला लागलं होतं. शेवटच्या वर्षी तर आत काही आवाजच नसायचा. फरशीवर बूट घासल्याचा आणि चेंडू आपटल्याचा तेवढा ऐकू यायचा.

त्याआधी मी एका आयटी कंपनीच्या फायनान्स विभागात होते. त्यांनी तो विभागच दुसऱ्या देशात हलवला आणि मी घरी बसले. माझा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथे राहून काम करायचा परवाना, नोकरीला बांधलेला होता आणि मुलीचा पास माझ्या पासाला. नवरा मरीन इंजिनिअर. सहा-सहा महिने बोटीवर, आणि कंपनी परदेशी झेंड्याची, त्यामुळे त्याच्या नोकरीवर आम्हाला सिंगापूरमध्ये राहता येत नव्हतं. त्याचा पगार पुण्याच्या फ्लॅटच्या कर्जात आणि सासू-सासऱ्यांच्या औषधपाण्यात जायचा. चोआ चू कांगचं आमचं भाड्याचं घर, मुलीची शाळा, सगळं माझ्या पगारावर होतं. तेव्हा मी तीस-चाळीस ठिकाणी अर्ज केले. बोलावून भेटणारे एकटे या लीगचे मालकच निघाले.

ते सिंगापुरी चिनी गृहस्थ होते, साठीला टेकलेले. तरुणपणी खेळलेले, मग गुडघा गेला म्हणून थांबलेले. आपल्यासारख्या मुलांना भरल्या हॉलमध्ये खेळायला मिळावं, या एका हट्टापायी त्यांनी ही आंतरकॉलेज लीग काढली होती. जुरोंग ईस्टला दोन खोल्यांचं ऑफिस. कायमचे नोकर म्हणाल तर मी एकटी. पंच, वेळ राखणारे, डॉक्टर, कॅमेरावाले असे बाकीचे सगळे मॅचपुरते यायचे. मुलाखतीत त्यांनी मला एकच प्रश्न विचारला होता.

"तुला खोटे आकडे लिहिता येतात का?"

"नाही," मी घाबरून म्हणाले.

"मग सोमवारपासून ये," ते म्हणाले.

सुरुवातीची दोन वर्षं चांगली गेली. मॅच शनिवारी-रविवारी संध्याकाळी असायच्या, बेडोकच्या बाजूला भाड्याने घेतलेल्या एका हॉलमध्ये. प्रत्येक कॉलेजची मुलं आपापल्या रंगाचे टीशर्ट घालून यायची. मालकांनी एक ढोलवाल्यांचं पथक ठरवलं होतं, सिंहनृत्याला वाजवतात तसे मोठे ढोल घेऊन ती मंडळी कोपऱ्यात बसायची. बाहेर फिशबॉल म्हणजे माशाच्या गोळ्यांचा आणि उसाच्या रसाचा स्टॉल लागायचा. तिकिटाचे पैसे, स्टॉलवाल्यांचं भाडं आणि एका सरबत कंपनीची स्पॉन्सरशिप, एवढ्यावर लीग चालायची. नफा नावालाच असायचा, पण कोणाचं देणं राहत नव्हतं.

मग महामारीत सगळं बंद झालं, आणि उघडलं तेव्हा रिकाम्या हॉलमध्ये खेळायची परवानगी मिळाली. मुलांना घरून बघता यावं म्हणून आम्ही मॅच फोनवर दाखवायला सुरुवात केली. तेव्हा सगळ्यांनी आमचं कौतुक केलं. पुढे हॉल पुन्हा उघडला, पण माणसं फोनवरच राहिली. आई-बाप ऑफिसातून बघायचे, मित्र बसमधून बघायचे. कोणी बक्षीस समारंभाला भेटलं की आवर्जून सांगायचं, "आम्ही सगळ्या मॅच पाहिल्या हं!" मी हसून मान डोलवायची. फोनवर बघण्याचे आम्ही पैसे घेत नव्हतो. एकदा थोडेसे घेऊन पाहिले तर बघणारेही गेले.

खर्च मात्र होता तिथेच होता. हॉल पूर्ण भरला तरी तेवढंच भाडं, पन्नास माणसं आली तरी तेवढंच. एसी सगळ्या हॉलला लागायचा. पंचांना, डॉक्टरला, सफाईवाल्यांना तेवढेच पैसे. स्टॉलवाल्याने दोन शनिवार उरलेले फिशबॉल परत नेले आणि तिसऱ्या शनिवारी तो आलाच नाही. त्याचं भाडं गेलं. सरबत कंपनीने पैसे निम्म्यावर आणले.

इथे मी जे केलं ते सांगायला हवं. मालकांनी ते कधी बोलून दाखवलं नाही, म्हणूनच सांगायला हवं.

शनिवार-रविवार संध्याकाळचं हॉलचं भाडं सगळ्यात जास्त असायचं. मंगळवार-बुधवार दुपारचं त्याच्या निम्म्याहून कमी. मी एक दिवस दोन्ही आकडे शेजारी शेजारी मांडून कागद मालकांपुढे ठेवला.

"मॅच दुपारी घेऊ या. वर्षाचे एवढे पैसे वाचतात."

त्यांनी चष्मा काढून कागद डोळ्यांजवळ नेला. "दुपारी मुलांचे लेक्चर असतात."

"सर, तशीही ती येत नाहीत."

त्यांनी कागद खाली ठेवला. मग म्हणाले, "तुझे आकडे बरोबर असतात. कर."

मी केलं. त्याच झटक्यात ढोलवालेही बंद केले, कारण पन्नास माणसांसाठी ढोल कशाला. पुढच्या सीझनला पन्नासची वीस झाली. जी मुलं थोडीफार यायची त्यांनाही आता यायची सोय उरली नाही. खेळाडूसुद्धा लेक्चर बुडवून यायचे, मग त्यांच्या कॉलेजांनी तक्रार केली, आणि एका कॉलेजने संघच काढून घेतला. त्याची प्रवेश फी गेली. भाड्यात वाचवलेले पैसे केव्हाच निघून गेले होते, आणि ते कसे गेले हे माझ्याच अक्षरात माझ्याच फायलीत लिहिलेलं होतं. एखाद्या आजारी माणसाला खर्च परवडत नाही म्हणून जेवण कमी करावं, तसं मी त्या लीगचं केलं. हे मला तेव्हा कळलं नाही असं नाही. कळल्यावरही मी दुसरा काही मार्ग सुचवला नाही, कारण मला तो दिसत नव्हता.

आणखी एक गोष्ट फायलीत होती. हॉलच्या भाड्याच्या खालोखाल सगळ्यात मोठा खर्च माझा पगार होता. पास टिकवायचा तर सरकारने ठरवलेल्या रकमेपेक्षा पगार कमी असून चालत नाही. ती रक्कम मध्ये वाढली, तेव्हा मालकांनी माझा पगार वाढवला आणि स्वतः पगार घेणं बंद केलं. त्यांनी सांगितलं नाही. महिनाअखेरीला त्यांच्या नावापुढची ओळ रिकामी दिसली, म्हणून मला कळलं.

"सर, हे असं किती महिने चालेल?" मी विचारलं.

"माझा गाडी विकायचा विचार होताच," ते म्हणाले. "इथे गाडी ठेवणं म्हणजे मूर्खपणा आहे, लाह." वाक्याच्या शेवटी 'लाह' जोडायची इथली सगळ्यांचीच सवय.

गाडी गेली. ते एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, यायला लागले. दुखरा गुडघा घेऊन जिने चढायचे आणि दारात क्षणभर उभे राहून श्वास घ्यायचे. मी मान खाली घालून कॉम्प्युटरकडे बघत राहायची.

शेवटच्या वर्षी मुलगी दहावीसारख्या मोठ्या बोर्डाच्या परीक्षेच्या वर्गात होती. परीक्षा ऑक्टोबरमध्ये. सरबत कंपनीचा करार जूनमध्ये संपत होता. करार झाला नाही तर लीग बंद, लीग बंद तर माझा पास रद्द, आणि पास रद्द झाला की आम्हा दोघींच्या हातात साधारण महिनाभर. मी रोज हेच गणित करत असे. भाजी निवडताना, बसच्या रांगेत, मुलीच्या शाळेच्या मीटिंगमध्ये बाई काही सांगत असताना. रोज उत्तर तेच यायचं.

मेमध्ये सेमीफायनल होती. करार पुढे चालू ठेवायचा की नाही हे ठरवणारी सरबत कंपनीची अधिकारी त्या मॅचला येणार होती. मी मालकांना म्हटलं, ही एक मॅच तरी शनिवारी घेऊ. ते लगेच हो म्हणाले. मग मी दोन आठवडे रोज एका कॉलेजच्या गेटवर उभी राहून फुकट तिकिटं वाटली. मुलं नम्रपणे घ्यायची. "थँक यू, आंटी." थोडं पुढे गेलं की कचऱ्याच्या डब्यात टाकायची. एका मुलीने मात्र थांबून खरं सांगितलं.

"आंटी, यायला तासभर, जायला तासभर. फोनवर तर दिसतंच. आणि तिथे कोणीच नसतं, मग एकटं बसायला विचित्र वाटतं."

कोणीच नसतं म्हणून कोणीच येत नाही. मी तिलाच विचारलं, "मैत्रिणींना घेऊन येशील?" ती हसली आणि बस आली म्हणून पळाली.

मॅचला पाच दिवस उरले तेव्हा नोंदवलेली तिकिटं एकतीस होती. त्यातली बरीचशी खेळाडूंच्या भावाबहिणींची. त्या दिवशी दुपारी मी ऑफिसच्या खालच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉलांच्या गर्दीत, ताट समोर ठेवून बसले आणि जुरोंग ईस्टमध्ये राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीला फोन लावला. गणपतीत, दिवाळीत जमणाऱ्या आमच्या मराठी मंडळींचा सगळा गोतावळा तिच्या फोनमध्ये होता.

"अगं, मला दोनशे माणसं हवीत. शनिवारी."

"कशाला? कोणाचं लग्न आहे?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, पासचंसुद्धा. तिच्या नवऱ्याचा पास दोन वर्षांपूर्वी असाच अडकला होता. ती म्हणाली, "बस ठरव. लांबून बेडोकला कोणी स्वतःहून येणार नाही. आणि खायला काहीतरी सांग, म्हणजे पोरांचे बापही येतील."

मालकांना मी दुसऱ्या दिवशी विचारलं. ते खिडकीशी पाठमोरे उभे होते. "तुझ्या गावची माणसं? बास्केटबॉल बघायला?" त्यांनी वळून पाहिलं, आणि मला वाटलं ते नाही म्हणतील. पण म्हणाले, "आण. सगळ्यांना आण."

चोआ चू कांगहून दोन आणि जुरोंग ईस्टहून दोन अशा चार बसेस मी माझ्या पैशातून ठरवल्या. मुलीच्या पुढच्या वर्षीच्या फीसाठी बाजूला ठेवलेल्यातून. शनिवारी पहाटेपासून तीन घरांत बटाटेवडे तळले जात होते. हॉलमध्ये खायला बंदी, म्हणून बाहेरच्या कट्ट्यावर कागदी पिशव्यांतून वाटप झालं. लोक खरंच आले. आयटीतले मॅनेजर आले, सुट्टीवर असलेले दोन जहाजी आले, मुलांकडे तीन महिन्यांसाठी आलेले आई-वडील पांढरे स्पोर्ट्स शूज घालून आले. मी दारात उभी राहून प्रत्येकाच्या हातात एक रंगीत कागदी पंखा देत होते आणि सांगत होते, "डावीकडच्यांनी निळ्या संघासाठी ओरडायचं, उजवीकडच्यांनी लाल संघासाठी. मधेच उठून जाऊ नका हं, प्लीज."

माझी मुलगीही आली होती. यायचं नव्हतं तिला. परीक्षेचा अभ्यास होता, पण खरं कारण वेगळं होतं. बसमध्येच ती मला म्हणाली होती, "आई, this is like cheating, lah."

"यात कसलं चीटिंग? लोक मॅच बघायला चाललेत."

"They don't even know the teams."

"तू गप्प बसून टाळ्या वाजव," मी म्हणाले.

मॅच सुरू झाली. पहिली पाच मिनिटं आमची माणसं अवघडून बसली होती. मग निळ्या संघाच्या एका बुटक्या मुलाने तिघांच्या मधून वाट काढत चेंडू टाकला आणि चोआ चू कांगचे एक काका उभे राहून ओरडले, "शाब्बास रे पठ्ठ्या!" हॉल हसला आणि मग सुटलाच. पंचाने फाउल दिला की आमचे काका पंचाला मराठीत जाब विचारायचे. खेळाडू आधी गोंधळले, वर बघायला लागले, आणि नंतर असे खेळले की मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. ती मुलं तीन वर्षं रिकाम्या खुर्च्यांपुढे खेळत होती. एकाने थ्री-पॉइंटर टाकून प्रेक्षकांकडे दोन्ही हात वर केले. मालक स्कोअरबोर्डच्या टेबलाजवळ बसले होते. त्यांचं लक्ष खेळाकडे नव्हतं. ते खुर्च्यांकडे बघत होते, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पुन्हा या टोकापर्यंत.

सरबत कंपनीची अधिकारी तिशीची मुलगी होती, हसतमुख. हाफटाइमला ती पायऱ्या चढून प्रेक्षकांत गेली. मी खालून पाहिलं तर ती नेमकी माझ्या मुलीजवळ थांबली होती. आमच्या माणसांत कॉलेजच्या वयाची वाटेल अशी तीच एक होती. मी धावत जिना चढले. पोचले तोवर प्रश्न विचारून झाला होता. तू कुठल्या कॉलेजला सपोर्ट करतेस?

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी तिला डोळ्यांनी सांगत होते, निळं म्हण, लाल म्हण, काहीही म्हण.

"None," ती म्हणाली. "My mum asked all of us to come."

अधिकारी माझ्याकडे वळून अगदी सभ्यपणे म्हणाली, "छान वातावरण आहे," आणि खाली गेली. मॅच संपायच्या आधीच ती निघून गेली होती.

परतीच्या बसमध्ये लोक खुशीत होते. पुन्हा कधी आहे, असं विचारत होते. मी मुलीला घेऊन बसमध्ये चढलेच नाही. आम्ही एमआरटीने निघालो. बेडोकहून चोआ चू कांग म्हणजे बेटाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे. निम्म्या वाटेवर माझा आवाज मलाच परका वाटावा असा फुटला.

"खोटं एक वाक्य बोलायचं होतं तुला. एक. तुझ्या शाळेसाठी, तुझ्या परीक्षेसाठी मी लोकांच्या पाया पडत फिरतेय, आणि तू? आता महिन्याभरात बॅगा भराव्या लागल्या ना, तर लक्षात ठेव, तुझ्यामुळे."

डब्यातली माणसं बघत होती. मराठी कळत नसलं तरी आवाज कळतोच. मुलगी स्टेशनांची नावं दाखवणाऱ्या पट्टीकडे बघत राहिली. घरी आल्यावर तिने दप्तर उघडलं आणि पुस्तक समोर घेऊन बसली. दुसऱ्या दिवशी नवऱ्याचा बोटीवरून फोन आला तेव्हा ती त्याच्याशी पाच मिनिटं नीट बोलली आणि माझ्याकडे फोन देताना माझा हात लागणार नाही याची काळजी घेतली. पुढचे दहा-बारा दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलायची, आणि तेही इंग्रजीत.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मालकांनी मला समोर बसवलं आणि सांगितलं, करार पुढे होणार नाही. फायनल होईल, त्यासाठी हॉलचे पैसे भरलेले आहेत. त्यानंतर कंपनी बंद.

मला ते अपेक्षित होतं, तरी मी रडायला लागले. "माझ्या मुलीमुळे झालं सर. तिने त्या बाईंना सांगितलं…"

"काय सांगितलं?"

मी सांगितलं. त्यांना ते माहीतच नव्हतं. त्यांनी हात हलवून मला थांबवलं, ड्रॉवर उघडला आणि एक छापलेलं पत्र माझ्यापुढे सरकवलं. सरबत कंपनीचं होतं. खेद वाटतो, वगैरे. मी खाली सही बघितली, मग वरची तारीख. सेमीफायनलच्या नऊ दिवस आधीची.

मला कळेना. मी तारीख पुन्हा वाचली.

"त्या बाई मग आल्या कशाला?"

"निरोप घ्यायला. चांगली मुलगी आहे."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं. मी विचारायला आले तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मी मुलीच्या फीच्या पैशातून बस ठरवल्या, सर! तीन घरांतल्या बायका पहाटेपासून उभ्या होत्या! मी माझ्या मुलीला…"

ते माझ्याकडे बघत नव्हते. "मला एकदा तो हॉल भरलेला बघायचा होता," ते म्हणाले. "मला वाटलं होतं सांगावं. मग तू म्हणालीस दोनशे माणसं. मला नाही सांगता आलं."

मी उठले आणि बाहेर पडले. त्या दिवशी मी त्यांच्यावर जेवढी चिडले होते तेवढी आयुष्यात कोणावर चिडले नसेन. जुरोंग ईस्टच्या मॉलमध्ये मी एका बाकावर दोन तास बसून राहिले. समोरून शाळकरी मुलं आइस्क्रीम खात जात होती. राग हळूहळू त्यांच्यावरून सरकत माझ्यावर आला. त्या माणसाने निदान तोंड उघडलं नव्हतं. मी मात्र माझ्या मुलीला, तिच्या खरेपणासाठी, भरल्या डब्यात दोषी ठरवलं होतं. आणि हॉल रिकामा झाला तो दुपारच्या मॅचमुळे. ती कल्पना कोणाची होती?

घरी गेले तेव्हा मुलगी गणितं सोडवत होती. मी तिच्या शेजारी बसले आणि पत्राची गोष्ट सांगितली, तारखेसकट. मग म्हटलं, "तुझ्यामुळे काही झालं नाही. मी बोलले ते चुकीचं होतं. खूप चुकीचं."

तिने पेन खाली ठेवलं नाही. "I know I didn't do it," ती म्हणाली. आणि जरा वेळाने, मराठीत, "पण मला रोज वाटायचं की मीच केलं."

मग मात्र ती रडली. मीही.

फायनलला चाळीसेक माणसं होती. मी चषकांचं बिल दिलं, शेवटच्या पंचाचे पैसे दिले आणि फाइल बंद केली. पास रद्द झाला. हातात तीस दिवस होते. मी पुन्हा अर्ज करत सुटले. दोन ठिकाणी मुलाखती झाल्या, दोन्हीकडून कळवतो म्हणाले. नवरा म्हणत होता, दोघी परत या, तिचं एक वर्ष गेलं तर गेलं. मुलगी फक्त पहाटे उठून अभ्यास करायची, जणू परीक्षा ठरल्या दिवशी होणारच आहे. तिच्या त्या पाठीकडे बघून माझा जीव तुटायचा.

शाळेने एक वाट सांगितली. मुलीला विद्यार्थी म्हणून वेगळा पास मिळू शकतो, पण इथल्या एखाद्या नागरिकाने तिची हमी घ्यायला हवी. मराठी ओळखीतले बहुतेक माझ्यासारखेच पासवाले. ज्यांना नागरिकत्व मिळालं होतं अशा दोघांना विचारलं. एकांनी बायकोला विचारून सांगतो म्हटलं आणि मग फोन उचलला नाही. दुसऱ्यांनी स्पष्ट नाही म्हटलं. त्यांचा राग येण्याचं काही कारण नव्हतं. दुसऱ्याच्या मुलीची जबाबदारी कोण घेईल?

सतरा दिवस उरले असताना मालकांचा फोन आला. मी त्यांच्याशी त्या दिवसानंतर हिशेबापलीकडे बोलले नव्हते. त्यांना कुठून कळलं कोण जाणे. माझ्या मैत्रिणीनेच सांगितलं असावं, कारण सेमीफायनलला तिने त्यांचा नंबर घेतला होता.

"कागद घेऊन ये," ते म्हणाले. "सही कुठे करायची ते दाखव."

"सर, ही साधी सही नाही. काही झालं तर तुमच्यावर येईल."

"माझ्यावर आता काय यायचं उरलंय?" ते हसले. मग गंभीर होऊन म्हणाले, "मुलगी खरं बोलते. अशी मुलगी मला काय त्रास देणार?"

पास मिळाला. मला मात्र थांबता आलं नाही. पगाराशिवाय घराचं भाडं एक महिनाही निघालं नसतं. घर सोडलं, सामान वाटून टाकलं. मुलगी बेडोकला एका मराठी कुटुंबाकडे राहणार होती, त्यांच्या धाकटीची खोली वाटून घेऊन. मी दर महिन्याला पैसे पाठवायचे ठरले. कुठून, ते ठरलं नव्हतं.

विमानतळावर मुलगी आणि मालक दोघं सोडायला आले. मालक एका कंडोत, म्हणजे मोठ्या सोसायटीत, सिक्युरिटी गार्डचं काम करायला लागले होते, युनिफॉर्मवरच आले होते. गुडघ्यामुळे त्यांना फार वेळ उभं राहवत नव्हतं, म्हणून मुलीने सामानाची ट्रॉली त्यांच्याकडे ढकलली आणि म्हणाली, "Uncle, you sit." ते ट्रॉलीच्या कडेवर टेकले. मला त्यांची माफी मागायची होती, आणि त्यांनी माझी मागावी असंही वाटत होतं. दोघांनाही ते जमलं नाही.

"जेवत जा वेळेवर," मी मुलीला सांगितलं. "पेपर झाल्या झाल्या फोन कर."

"हो, आई."

"मी इथे असायला हवं होतं गं."

तिने मला मिठी मारली, घट्ट, आणि बराच वेळ सोडलं नाही. मग मी आत गेले. काचेपलीकडून वळून पाहिलं तेव्हा ती मालकांना हात देऊन उठवत होती. दोघं हळूहळू, तो गुडघा सांभाळत, एमआरटीच्या दिशेने निघाले. गर्दीत दिसेनासे होईपर्यंत मी बघत राहिले, आणि मागच्या माणसाने "पुढे सरका" म्हटल्यावर पुढे सरकले.